घड्याळ झिन ८५६ घ्यावं की डमास्को डीए ३६? खडबडीत वापराला कोणतं टिकेल?

डमास्को घ्या. मी जर्मनीत रेगेन्सबुर्गला राहतो, डमास्को बनतं ते बार्बिंग इथून अगदी जवळ, म्हणजे मी पक्षपाती म्हणा हवं तर. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, "झिन १२०० व्हिकर्स, डमास्को फक्त ७१०, मग झिनच भारी ना?", ते वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या साडूच्या तोंडून चार वर्षं ऐकतोय.

साडू फ्रँकफुर्टला, झिनच्या गावात, आयटीवाला. मी टूलरूमचा माणूस. अहो, व्हिकर्स म्हणजे कडकपणाचं माप, आणि १२०० आकडा नुसत्या कातडीचा आहे! झिनचं टेगिमेंट म्हणजे वरचा थर कडक केलेला, आत स्टील पुष्कळ मऊच. डमास्कोचं स्टील आरपार कडक, केस, म्हणजे घड्याळाची डबी, मधून कापली तरी तोच आकडा. किल्ल्यांच्या चऱ्यांना दोन्ही दाद देत नाहीत, पण पातळ थरावर जोरात ठोका बसला तर खालचं मऊ स्टील दबायची भीती असते. ब्रून पाव अंगठ्याने दाबून बघा, कळेल.

तर दोन वर्षांपूर्वी साडूने घर बदललं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि वॉशिंग मशीन (आत काँक्रीटचा ठोकळा असतो, उचलणाऱ्यालाच माहीत). वर तो, खाली मी. दुसऱ्या वळणावर मशीन सटकलं आणि दोघांचे डावे हात रेलिंगवर आपटले. मशीन जिन्यातच टेकवून आम्ही मोबाईलच्या उजेडात आधी घड्याळं बघितली, माझ्या बोटातून रक्त येतंय हे मेहुणीने सांगितलं. दोन्ही घड्याळांवर साधा ओरखडा नाही! रेलिंगचा रंग मात्र बोटभर उडालेला. साडू म्हणे हे माझ्या झिनने केलं, मी म्हटलं जागा बघ, तिथे माझा हात होता. अर्धा तास, भर जिन्यात, शेजारची आजी वर जायला थांबलेली.

बाकी खरं सांगायचं तर ८५६ वाईट नाही. पाण्याचा दाब २० बारपर्यंत झेलतं, डीए ३६ चं १० च. केसमध्ये ओलावा धरणारी कॅप्सूल असते, ती निळी पडत जाते तसं किती ओलावा धरला ते कळतं, ते डोकं मला आवडतं. चुंबकापासून संरक्षण दोन्हीकडे ८०,००० अँपिअर प्रति मीटर. वार हवा असेल तर डीए ३६, त्यात तारखेबरोबर वारही दिसतो. रोज पोहत असाल तर झिन घ्या, जा. आणि हो, काच दोन्हीची नीलम, चरे पडत नाहीत पण कोपऱ्यावर नेमकी आपटली तर टवका उडू शकतो, तिथे व्हिकर्स कामाला येत नाहीत.

महिन्याभराने घरमालकाचं रंगाचं बिल आलं, ८० युरो. तेव्हा साडूचा फोन, "ते तुझ्या डमास्कोनेच खरडलं होतं रे."

मी ८० च्या ८० दिले. साडूभाऊ, वाचत असाल तर वाद मिटलाय.