हवामान, शेती आणि शहरं यांचा माणसाच्या वस्तीशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि तो बघायला सातारा जिल्हा पुरेसा आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. त्याच जिल्ह्यातला माण तालुका पर्जन्यछायेत, तिथे ५०० च्या आसपास. म्हणून घाटमाथ्यावर सदाहरित जंगल आणि भात, तर माणदेशात माळरान, काटेरी झुडपं, बाजरी-ज्वारी आणि मेंढ्या. मेंढरं चाऱ्यामागे फिरतात, म्हणून धनगर कुटुंबंही वर्षातले कित्येक महिने वाटेवर. कित्येकांना दुष्काळानं मुंबईला धाडलं. गिरणगावच्या चाळींत कोकणी माणसाशेजारी घाटावरचा माणूस राहिला.

आता शहरच शेत ठरवतं. नारायणगावचा टोमॅटो पुण्या-मुंबईच्या बाजारावर डोळा ठेवून लावतात. शहापूरच्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. हे मला फार सलतं.