सौरज्वाला आणि ध्रुवांवरचे आकाश : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सूर्यावर मोठी ज्वाला उठल्याची बातमी वाचली. मग त्याच रात्री नॉर्वेत अरोरा (ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) दिसायला हवा ना?

दिसेलच असे नाही. सूर्याकडून तीन गोष्टी येतात आणि तिघींचा वेग वेगळा. ज्वालेतले क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोहोचतात, पण ते पृथ्वीच्या दिवस असलेल्या बाजूवर पडतात आणि ध्रुवांकडे तिरपेच लागतात. वेगवान प्रोटॉन अर्ध्या तासापासून काही तासांत येतात. अरोरा फुलवतो तो चुंबकीय मेघ, म्हणजे चुंबकक्षेत्र सोबत घेऊन सूर्यातून सुटलेला तापलेल्या वायूचा लोट. ज्वालेबरोबर तो बाहेर फेकला गेला आणि आपल्या दिशेने निघाला, तरच एक ते तीन दिवसांनी इथे पोहोचतो. बातम्यांत तिन्हींना सरसकट ‘सौरवादळ’ म्हणतात, गोंधळ तिथेच होतो.

प्रश्न : उत्तर ध्रुवावरून जाणाऱ्या विमानांचा मार्ग अशा वेळी का बदलतात?

प्रोटॉनमुळे. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्यांना आपल्याकडे अडवते. ध्रुवांपाशी मात्र क्षेत्ररेषा जवळजवळ उभ्या असल्याने ते सरळ खाली घुसतात. ६० ते ९० किलोमीटर उंचीवर ते हवेच्या रेणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. तिथली हवा वरच्या थरांपेक्षा दाट, त्यामुळे रेडिओलहरींनी हलवलेले हे इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळत राहतात आणि लहरींची ऊर्जा तिथेच जिरते. सुमारे ८२ अंश अक्षांशाच्या पलीकडे भूस्थिर (विषुववृत्तावर एकाच जागी स्थिर दिसणारे) दळणवळण उपग्रह क्षितिजाखाली जातात, म्हणून वैमानिकाची भिस्त याच लघुलहरी रेडिओवर असते. तो मुका झाला आणि त्यात किरणोत्सारही वाढला, तर मार्ग दक्षिणेकडून घेणेच योग्य. इंधन जास्त जळते, वेळ जातो, तरीही. हे मौन कधी कधी काही दिवस टिकते.

प्रश्न : ओझोनला धोका आहे का?

वरच्या थरात आहे. प्रोटॉनमुळे तयार होणारी नायट्रोजनची ऑक्साइडे ओझोन नष्ट करतात. उन्हात ती विरतात, पण ध्रुवीय रात्रीत टिकून हवेबरोबर हळूहळू खाली उतरतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३च्या वादळांनंतर हे उपग्रहांनी टिपले. बहुतेक ओझोन त्याहून खाली असतो, म्हणून जमिनीवर फारसा फरक पडत नाही.

प्रश्न : मे २०२४मध्ये लडाखला लाल प्रकाश दिसला. हिरवा का नाही?

हिरवा रंग साधारण १०० ते १५० किलोमीटरवर उमटतो, लाल २००च्याही वर. दोन्ही ऑक्सिजनचेच. त्या रात्री झगमगाट उत्तरेला खूप दूर होता. लडाखमधल्या हानले गावाच्या क्षितिजावरून पृथ्वीच्या गोलाईने खालचा हिरवा झाकला आणि उंचावरचा लाल तेवढा डोकावला.