सोडा पॅकेज राहू द्या, आधी तो ‘प्लॅन’ बघू

वाचकाचं पत्र, थोडं काटछाट करून:

‘मी ४१ वर्षांचा. डेट्रॉइटजवळ राहतो. पत्नीही नोकरी करते. माझे १,२०,००० धरून दोघांचं मिळून वर्षाला १,८०,००० डॉलर उत्पन्न आहे. मुलं ११ आणि ८ वर्षांची. सांगलीहून आई-बाबा आलेत. नाताळात आम्ही सहा जण मायामीहून सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझला निघालोय, अटलांटाची बहीणही सहकुटुंब येतेय. सोडा पॅकेज, म्हणजे हवं तेवढं कोल्ड ड्रिंक, मोठ्यांना दिवसाला १० डॉलर, मुलांना ७, वर १८ टक्के ग्रॅच्युइटी (म्हणजे सक्तीची टीप). घ्यावं का? घरात एकमत नाही. कोल्ड ड्रिंकला म्हणायचं काय यावरही नाही. आम्ही मिशिगनवाले पॉप म्हणतो, बहीण स्प्राइटलासुद्धा कोक म्हणते, आणि बाबा गोटी सोडा मिळणार म्हणून खूश आहेत. (त्यांना डायबेटिस आहे. आई फक्त चहा घेते.)

‘क्रूझचे ८,७०० डॉलर कार्डावर टाकलेत. दर २४ टक्के आहे, पण महिन्याला २५० नियमित भरतो. एरवी आम्ही शिस्तीचे. मंडळातल्या एका मित्राने सुचवलेल्या टॅक्स-फ्री रिटायरमेंट प्लॅनमध्ये १४ महिने झाले, दरमहा १,००० डॉलर जातात. बाजार पडला तर शून्य, चढला तर ९ टक्क्यांपर्यंत आपले, आणि ६५ नंतर वर्षाला ७५,००० टॅक्स-फ्री. मी गेलो तर घरच्यांना ५ लाख डॉलर, हा वरचा बोनस. त्यासाठी माझं ४०१(के), म्हणजे नोकरीतलं निवृत्तीचं खातं, थांबवलं. तसंही भारतात परत गेलो तर ते पैसे अडकतातच.’

सोड्याचं आधी उरकतो. सहा जणांचं सात दिवसांचं ३७८ डॉलर, ग्रॅच्युइटी धरून साडेचारशे. जहाजावर एक ग्लास सुटा घेतला तर साधारण तीन डॉलर, वर तीच ग्रॅच्युइटी. म्हणजे पॅकेजचे पैसे वसूल व्हायला मोठ्या माणसाने रोज चार ग्लास रिचवायला हवेत आणि मुलांनी तीन. साखरेच्या कोकच्या एका कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, चाराचे दीडशे ग्रॅमच्या वर. सातातले तीन-चार दिवस तुम्ही कुठल्या ना कुठल्या बेटावर भटकत असणार. पॅकेजचा मीटर तेव्हाही चालू असतो, ग्लास मात्र जहाजावर राहतो. पॅकेज माणशी असतं, एकाने घेऊन सगळ्यांनी घोट घोट प्यायचं चालत नाही. पाणी, चहा, कॉफी, आइस टी, लिंबू सरबत बहुतेक जहाजांवर तिकिटातच असतं. म्हणजे आईंचं पॅकेज बाद. बाबांचं तर विचारूच नका.

तुम्ही कंपनीचं नाव लिहिलं नाहीत. कार्निव्हल असेल, तर ती पहिल्या दिवशी हातातल्या सामानातून माणशी ३५५ मिलीचे १२ सीलबंद कॅन नेऊ देते. बाटल्या नाहीत, कॅनच. दुसरी कंपनी असेल तर तिचा नियम वेगळा असेल, तिकिटासोबतचे कागद वाचा. मायामीत जहाजावर चढण्याआधी दुकानातून दोन बारा-पॅक उचला, वीस डॉलरच्या आसपास काम होईल. साडेचारशे कुठे आणि वीस कुठे.

नावांच्या भांडणात तुमच्या घरी सगळेच बरोबर आहेत. मिशिगन, ओहायो, मिनेसोटा हा पॉपचा मुलूख. ईशान्येकडे आणि कॅलिफोर्नियात सोडा. पॉपवाल्यांच्या वेढ्यात सेंट लुइस आणि मिलवॉकी ही सोड्याची दोन बेटं आहेत. बॉस्टनची जुनी माणसं टॉनिक म्हणायची. दक्षिणेत सगळंच कोक, आणि अटलांटावाल्यांना तर तो हक्कच आहे, कोका-कोला १८८६ मध्ये तिथेच जन्मलं. मात्र कार्निव्हलवर २०२० पासून पेप्सी मिळते, तेव्हा बहिणीच्या कानावर आधीच घाला. आणि बाबांसाठी बारवर ‘क्लब सोडा’ मागा, वर लिंबू पिळून घ्या. नुसतं ‘सोडा’ म्हणालात तर कोला हातात ठेवतील.

आता मुद्द्यावर येऊ. तुम्ही ज्याला प्लॅन म्हणता ते दुसरं काही नसून इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, म्हणजेच आययूएल, ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. शून्याचा तळ, ९ टक्क्यांचं छत, टॅक्स-फ्री उत्पन्न आणि ‘गेलो तर’ रक्कम ही चार लक्षणं एकत्र दिसली की निदानाला मला दुसरं काही लागत नाही. अमेरिकेतल्या देशी मंडळींत ही पॉलिसी प्रायव्हेट पेन्शन म्हणून विकली जाते, मुलांच्या कॉलेजचा प्लॅन म्हणून विकली जाते, ‘स्वतःची बँक व्हा’ म्हणूनही विकली जाते. आयुर्विमा म्हणून तेवढी कोणी विकत नाही. म्हणूनच तुम्ही मूळ वस्तूला बोनस समजून बसलात.

शून्य आणि नऊ ऐकायला गोड आहे. अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक २०१९ ते २०२४ या सहा वर्षांत काय चालला ते बघा. पाच वर्षं वर गेला, दर वर्षी १६ टक्क्यांहून जास्त, आणि २०२२ मध्ये १९ टक्के पडला. तुमच्या पॉलिसीच्या हिशेबात पाच वेळा ९ आणि एकदा शून्य. शंभराचे झाले १५४. नुसत्या निर्देशांकात शंभराचे झाले साधारण २३५, तेही डिव्हिडंड न धरता. डिव्हिडंड तुमच्या पॉलिसीला मिळतच नाही, ती फक्त निर्देशांकाच्या आकड्यावर चालते. शिवाय हे १५४ खर्च कापण्याआधीचे. प्रीमियममधून आधी विक्रीचा आणि कारभाराचा खर्च जातो, मग दर महिन्याला विम्याचा खर्च, आणि हा शेवटचा वयाबरोबर वाढत जातो. बाजार पडलेल्या वर्षी परतावा शून्य, पण कपात शून्य नसते. त्या वर्षी शिल्लक घटते. हे मित्राने सांगितलं होतं का? आणि ते ९ टक्क्यांचं छत दगडी नाही. पॉलिसीत लिहिलेल्या किमान आकड्यापर्यंत कंपनी ते खाली आणू शकते.

राहिले वर्षाला ७५,००० टॅक्स-फ्री. महिना हजार, २४ वर्षं, एक पैशाचाही खर्च न कापता सरळ साडेसहा टक्क्यांनी वाढवले तर ६५ व्या वर्षी साडेसहा लाख होतात. त्यातून दर वर्षी ७५,००० काढायला लागलात तर उरलेल्यावर साडेसहा टक्के मिळत राहूनही ७८ व्या वर्षी डबा रिकामा. विक्रीच्या कागदावर हाच डबा नव्वदीपर्यंत भरलेला दिसत असेल, कारण तिथे तुम्ही पैसे ‘काढत’ नाही, पॉलिसीवर कर्ज घेता. कर्जाच्या व्याजापेक्षा पॉलिसीचा परतावा कायम जास्त राहील असं त्यात गृहीत धरलेलं असतं. तसं झालं नाही आणि म्हातारपणी पॉलिसी बंद पडली, तर भरलेल्या प्रीमियमच्या वरचा सगळा नफा त्या एका वर्षाचं उत्पन्न धरून त्यावर कर लागतो. टॅक्स-फ्री असं तुम्ही ज्याला म्हणता ते पॉलिसी मरेपर्यंत जिवंत राहिली तरच टॅक्स-फ्री.

मित्राचं मला नवल वाटत नाही. या पॉलिसीत पहिल्या वर्षीचं कमिशन बहुतेक वेळा वर्षभराच्या टार्गेट प्रीमियमच्या (कमिशन मोजायला कंपनीने धरलेल्या प्रीमियमच्या) आसपास असतं. गणपतीत आरतीला शेजारी उभा राहणारा माणूस आपल्याला फसवणार नाही, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तो फसवतही नसतो. त्याला शिकवलेली स्लाइड तो मनापासून वाचून दाखवतो, आणि एक पॉलिसी बहुधा स्वतःच्या घरातही घेऊन बसलेला असतो.

पण तुमची सर्वांत महाग चूक ही पॉलिसीसुद्धा नाही, ४०१(के) थांबवणं आहे. पत्राच्या तळाशी तुमच्या कंपनीचा नियम लिहिलाय: पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत डॉलरला डॉलर. म्हणजे तुम्ही वर्षाला ६,००० टाकलेत की कंपनी ६,००० टाकते. १४ महिन्यांत सात हजार डॉलर पगार तुम्ही घेतलाच नाही. ‘तेव्हा बाजार फार वर होता’ असंही तुम्ही लिहिलंय. सहा हजाराचे त्याच दिवशी बारा हजार होत असताना बाजार वर आहे की खाली, हे कशाला बघायचं?

आणि ते अडकण्याचं. ‘परत गेलो तर ४०१(के) बुडतं’ हे मी इतक्यांकडून ऐकलंय की आता कंटाळा येतो. पैसे तुमच्याच नावावर राहतात. नोकरी सुटली तर ते आयआरएमध्ये, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्ती खात्यात, हलवता येतात, आणि माणूस सांगलीत बसून ते साठीपर्यंत वाढू देऊ शकतो. भारतात राहायला आल्यावर दर वर्षी त्या वाढीवर कर लागू नये म्हणून भारताच्या २०२१ च्या अर्थसंकल्पाने तेव्हाच्या आयकर कायद्यात कलम ८९अ घातलं, अमेरिकेची खाती त्यात बसतात. समजा तरीही तुम्ही हट्टाने वयाच्या साडे-एकोणसाठच्या आधी सगळं मोडलंत. बारा हजारांवर २२ टक्के अमेरिकेचा केंद्रीय कर, १० टक्के दंड, मिशिगनचा सव्वाचार टक्के. हातात साडेसात हजारांहून जास्त. टाकले होते सहा हजार, तेही कर न भरलेले. सर्वांत वाईट निर्णय घेऊनही तुम्ही पुढेच राहता. एकच अट, कंपनीचा वाटा पूर्ण तुमच्या नावावर व्हायला किती वर्षं नोकरी लागते ते एचआरला विचारा. उलट परत गेल्यावर रुपयातल्या पगारातून दरमहा हजार डॉलरचा प्रीमियम कसा भरणार, हा प्रश्न तुम्हाला पडलाच नाही.

कार्डाचंही तसंच. ८,७०० वर २४ टक्के म्हणजे महिन्याला पावणेदोनशे डॉलर नुसतं व्याज. तुमच्या शिस्तीच्या २५० मधले मुद्दलात जातात फक्त पंचाहत्तर. या चालीने ही क्रूझ पाच वर्षांनी फिटेल आणि पंधरा हजारांना पडेल. तोवर धाकटा तेरा वर्षांचा झाला असेल आणि तुमच्याबरोबर क्रूझला यायला तयारही नसेल.

आता क्रम नीट पाळा. सोमवारी सकाळी ४०१(के) पाच टक्क्यांनी सुरू करा. त्याच आठवड्यात वीस वर्षांच्या साध्या टर्म विम्यासाठी अर्ज करा, दहा लाख डॉलरचा. धूम्रपान न करणाऱ्या, तब्येतीने धड अशा ४१ वर्षांच्या माणसाला तो महिन्याला शंभर डॉलरच्या आतबाहेर मिळतो. दोन मुलं आणि घराचं कर्ज असताना तुमचे ते ‘बोनस’ पाच लाख पुरायचे नाहीत. दहापट पैसे भरून तुम्ही निम्मा विमा घेतलाय. टर्म मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत आययूएल बंद करू नका. मधल्या महिन्यात काही झालं तर घरच्यांच्या हाती काहीच नको उरायला.

टर्म आली की कंपनीला, मित्राला नव्हे, लेखी विचारा की आज सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मोडली, तर हातात काय येईल. चौदा हजार भरलेत. उत्तर शून्य किंवा शून्याच्या जवळ येईल, कारण या पॉलिसींचा सरेंडर चार्ज दहा ते पंधरा वर्षं चालतो. विनाशुल्क परत करण्याचे सुरुवातीचे दिवस कधीच संपले. चौदा हजार गेले. ‘आणखी थोडं भरू, निदान भरलेलं तरी सुटेल’ हे वाक्य मनात येईल. ते आलं की पुढच्या २३ वर्षांचे पावणेतीन लाख आठवा, आणि बंद करा.

हजारातून टर्मचे नव्वद-शंभर गेले. ४०१(के)मुळे हातातला पगार करबचत वजा जाता पावणेचारशेने कमी होईल. उरलेले सव्वापाचशे आणि तुमचे नेहमीचे २५० कार्डावर टाका. वर्षभरात, फार तर तेरा महिन्यांत, क्रूझ फिटेल. त्यानंतर टॅक्स-फ्रीची हौस असेलच तर रॉथ आयआरए आहे, कर भरलेले पैसे आत टाकून म्हातारपणी टॅक्स-फ्री काढायचं खातं. तुमचं उत्पन्न त्याच्या मर्यादेत बसतं, आणि पन्नाशीच्या आतल्या माणसाला २०२६ साठी ७,५०० डॉलर टाकता येतात. दोघांचे पंधरा हजार. त्यात कोणाचं कमिशन नाही, म्हणून ते घ्या सांगायला मंडळात कोणी येत नाही.

क्रूझ रद्द करू नका. पैसे बहुधा परत मिळणार नाहीत, आणि आई-बाबा पुन्हा पुन्हा येत नसतात. निघण्याआधी फक्त दोन गोष्टी. तुम्ही एच-१बीवर असाल तर पासपोर्टातल्या व्हिसाची तारीख बघा. तारीख उलटलेल्या व्हिसावर परत येऊ देणारी तीस दिवसांची सवलत तुम्हाला कॅनडा-मेक्सिकोपुरतीच आहे, कॅरिबियन बेटांना नाही. हा माझा प्रांत नव्हे, वकिलाला विचारा.

दुसरं, बाबांचा व्हिजिटर इन्शुरन्स. तो ‘फिक्स्ड बेनिफिट’वाला असेल तर प्रत्येक उपचाराला ठरीव रक्कम देतो आणि बाकीचं बिल तुमच्याकडे येतं. आधीपासूनचा डायबेटिस बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, काहींत फक्त अचानक बिघडल्यास थोडंफार मिळतं. पॉलिसी अमेरिकेबाहेरच्या समुद्रात चालते का आणि तिथून हलवण्याचा खर्च देते का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. नसेल तर वाचलेल्या साडेचारशेतून त्या आठवड्यापुरता चांगला प्रवास विमा काढा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल खोलीच्या खात्यावर चढतं आणि उतरण्याआधी भरावं लागतं, क्लेम घरी आल्यावर. तेव्हा जे कार्ड क्रूझने भरून टाकलंय ते सोडून दुसरं एक रिकामं कार्ड बरोबर ठेवा.