अंदमान कमी खर्चात बघायचं तर

पहिल्यांदाच अंदमानला निघाली आहेस, तर पॅकेजच्या नादी लागू नकोस. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर खासगी क्रूझऐवजी सरकारी बोटीने जा. वेळ जास्त लागतो, पण भाडं बरंच कमी. नील बेट, म्हणजे शहीद द्वीप, इतकं छोटं की भाड्याच्या सायकलवर आरामात फिरून होतं. लक्ष्मणपूरचा प्रवाळाचा नैसर्गिक पूल मात्र ओहोटीलाच गाठ. खडक निसरडे असतात, पट्ट्याच्या सँडल घाल. डबक्यांत अडकलेले मासे, समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव) फुकटात बघायला मिळतात. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नकोस. नाशिकच्या सवयीने संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर गेलीस तर अंधारच! डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, म्हणून पहाटेच बाहेर पड. सेल्युलर जेल चुकवू नकोस, आपल्या भगूरच्या सावरकरांची कोठडी तिथेच आहे.