वाचकांचे प्रश्न : चौघांचा कोड, चौघांच्या सवयी

प्रश्न : आम्ही चौघे मित्र एका सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये लिहितोय, तेही फावल्या वेळात, विनामोबदला. पण प्रत्येक पुल रिक्वेस्टवर, म्हणजे आपला बदल मूळ कोडमध्ये घ्या या विनंतीवर, ओळ आत सरकवायला टॅब की स्पेस, ओळ किती लांब, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, यावरच वाद होतो. नावं कुणी इंग्रजीत देतो, कुणी रोमन मराठीत. एकाचा एडिटर सेव्ह करताना फाइलची सगळी मांडणीच बदलतो, त्यामुळे दोन ओळींचा बदल तीनशे ओळींचा दिसतो. एक जण तर कोड पाठवेनासा झाला आहे. नियम कसे ठरवावेत?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा एक मित्र कोड पाठवेनासा झाला, हे वाचून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. आधी त्याला फोन करा. मग हा वाद याच आठवड्यात मिटवा, आणि मिटवताना कोण बरोबर हे शोधत बसू नका. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, टॅब वापरतात, तोही आठ अक्षरांच्या रुंदीचा. गो या प्रोग्रॅमिंग भाषेचा स्वतःचा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारा प्रोग्रॅम, टॅबच घालतो. पायथनची ‘पेप ८’ ही २००१ पासूनची शैलीपुस्तिका चार स्पेस सांगते. तिन्हीकडे उत्तम सॉफ्टवेअर लिहिलं गेलं आहे.

तुमची भाषा पायथन, तेव्हा चार स्पेस घ्या. फक्त त्याआधी टॅबवाल्या मित्राला विचारा, टॅबच का? ज्यांना कमी दिसतं ते अक्षरं खूप मोठी करून काम करतात. टॅबची रुंदी त्यांना आपल्यापुरती कमी करता येते, स्पेसचं तसं नाही. ब्रेल डिस्प्लेवर चार स्पेस चार घरं खातात, टॅबला एकच घर पुरतं. असं काही कारण निघालं, तर बाकी तिघांनी एक शब्दही न बोलता टॅब घ्यावा. कारण नुसत्या सवयीचं असेल, तर चार स्पेसवर शिक्कामोर्तब करा. दोन्हींची सरमिसळ मात्र नको; किती आत सरकलोय हे नक्की कळेनासं झालं, की पायथन ३ प्रोग्रॅम चालवतच नाही.

ओळीची लांबी आणि अवतरणचिन्हं ‘ब्लॅक’ या फॉरमॅटरवर सोडा. तो ८८ अक्षरांची ओळ आणि दुहेरी अवतरण धरतो, आणि बदलायला पर्याय मुद्दामच मोजके ठेवतो. टॅब ठरला तर ‘रफ’ हा फॉरमॅटर घ्या, ब्लॅकमध्ये टॅबची सोय नाही. फॉरमॅटरची आवृत्ती चौघांकडे एकच हवी, नाहीतर तेच भांडण यंत्रं करतील. कमिटआधी, म्हणजे बदलाची गिटमध्ये नोंद करण्याआधी, तो आपोआप चालेल अशी व्यवस्था करा आणि सर्व्हरवरही तपासणी लावा.

जुना कोड बदलताना घाई नको. उघड्या पुल रिक्वेस्ट आधी मर्ज करा, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळून घ्या. मग सगळ्या फाइलींची मांडणी एकाच स्वतंत्र कमिटमध्ये बदला, त्यात दुसरा कुठलाही बदल नको. कुठली ओळ कुणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली हे गिट ब्लेम दाखवतं. नंतर त्यात प्रत्येक ओळीवर त्याच कमिटचं नाव दिसू नये, म्हणून तिचा क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवा आणि ब्लेमला ती कमिट वगळायला सांगा. गिट २.२३ पासून, म्हणजे २०१९ पासून, ही सोय आहे.

आता नावांकडे वळू. इथे कुठलाही फॉरमॅटर मदत करणार नाही, म्हणून तुमचा बोलण्याचा वेळ इथे घाला. रोमनमध्ये ‘वाचक’ कुणी व्ही घालून लिहितो, कुणी डब्ल्यू. शोध घेतला की निम्मी ठिकाणं हाती लागत नाहीत. मी इंग्रजी नावं घेईन. पण मराठीच घ्यायची असतील, तर प्रत्येक शब्दाचं एकच स्पेलिंग लिहून ठेवा. त्याहून मोठा प्रश्न ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’ यांचा आहे. वाचनालयात एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतात. एकाने प्रतीला पुस्तक म्हटलं आणि दुसऱ्याने नाही, तर एक प्रत घरी गेली की तिन्ही गेल्याचं दिसेल. एकमत झालं नाही, तर पुढे ज्याला हा कोड सांभाळायचा आहे त्याचा शब्द माना.

आणि नावांची यादी पक्की करण्याआधी चौघांनी ग्रंथपालांसमोर बसा. त्यांच्या नोंदवहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक असतो. तुमच्या कोडमध्ये प्रतीची ओळख तीच ठेवा.