वाचकांचे प्रश्न : लिंबाचा डाग, आमटीचा डाग

प्रश्न : ओट्यावर पांढरा संगमरवर आहे. कापलेलं लिंबू राहिलं होतं, तिथे पांढुरका गोल पडला. साबण झाला, सोडा झाला, आता रोज व्हिनेगर लावते, तर डाग पसरतोच आहे. (वाचक, नाशिक)

उत्तर : व्हिनेगर आजच थांबवा, डाग त्यानेच पसरतो आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि ते आम्लात विरघळतं. लिंबाचा रंग दगडात उतरलेला नाही, लिंबाने वरचं पॉलिश खाल्लं आहे. खात्री करायची असेल तर खिडकीकडे तोंड करून डोळे ओट्याच्या पातळीवर आणा. उजेडाची चमक त्या गोलापाशी तुटत असेल आणि बोटाला किंचित खरखरीत लागत असेल, तर दगड खाल्ला गेला आहे. चमक अखंड असून आत पिवळट किंवा काळपट छटा दिसली, तरच तो डाग.

खाल्लेला दगड कितीही धुतला तरी फरक पडत नाही, त्याला पुन्हा पॉलिशच लागतं. मार्बलच्या दुकानात टिन ऑक्साइडची पॉलिश पावडर मागा. एक चमचा पावडर थेंब थेंब पाणी घालून साईइतकी दाट कालवा, ओल्या फ्लॅनेलवर घ्या आणि दाब देऊन पाच-दहा मिनिटं गोल गोल घासा. लेप सुकू लागला की पाण्याचा शिपका मारा. मग पुसून पुन्हा उजेडात पाहा. नखाला खळगा लागत असेल तर मात्र हाताने जमणार नाही, डायमंड पॅडवाला कारागीर बोलवा.

कोटा, शहाबादी आणि कडप्पा हेही चुनखडीचेच दगड. चिंच, कोकम, दही सांडलं की लगेच पुसा. ग्रॅनाइट लिंबाला दाद देत नाही, पण तेल पितो. शेगडीजवळ असा काळपट डाग असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात घट्ट कालवून अर्धा सेंटिमीटर जाड थापा, वर प्लॅस्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद करा. 24 तासांनी प्लॅस्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. लेप वाळताना तेल ओढून घेतो, म्हणून ओला असतानाच खरवडला तर मेहनत वाया जाते. जुन्या डागाला दोन-तीन लेप लागतात.

प्रश्न : क्रीम रंगाच्या पॉलिएस्टर सोफ्यावर आमटी सांडली. कव्हर निघत नाही. साबण लावल्यावर डाग लालच झाला! (वाचक, सोलापूर)

उत्तर : घाबरू नका. साबणातल्या अल्कलीने हळद लाल होते, डाग पक्का झाला असा त्याचा अर्थ नाही. या डागात तेल आणि हळद असे दोघे आहेत आणि आधी तेल काढायला हवं, नाहीतर पुढचं औषध हळदीपर्यंत पोचतच नाही. टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेवा आणि ब्रशने झटका. मग दोन कप थंड पाण्यात पाव चमचा भांडी घासायचं लिक्विड घालून, फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि कडेकडून मध्याकडे टिपत या. घासू नका, धागे फुलतात आणि हळद खाली फोमात उतरते.

आता हळद. केमिस्टकडे हायड्रोजन पेरॉक्साइड बहुधा 6 टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घालून ते 3 टक्के करा. सोफ्याच्या मागच्या बाजूला दोन थेंब टाकून तासभर पाहा. रंग उडाला नाही तर डागावर कापसाने लावा, 20 मिनिटांनी ओल्या फडक्याने टिपा आणि गरज वाटल्यास पुन्हा लावा. उरलेली पिवळी झाक उन्हाने जाते, म्हणून सोफा दोन-चार दिवस खिडकीच्या उन्हात सरकवून ठेवा. रेशीम, लोकर आणि चामड्याला मात्र पेरॉक्साइड लावू नका.

प्रश्न : लोकरीच्या गालिच्यावरचा चहाचा डाग धुतला, पण वाळल्यावर तपकिरी कडं परत आलं. (वाचक, पुणे)

उत्तर : पाणी जास्त झालं. चहा खाली उतरला आणि वाळताना पाण्याबरोबर टोकांशी वर आला. वरच्या साबणपाण्याचाच हात फिरवा, पण सौम्य लिक्विड घ्या, धुण्याची पावडर किंवा सोडा नको. लोकरीला अल्कली सोसत नाही आणि ब्लीच तर तिला विरघळवतं. नंतर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यांनी टिपा. शेवटी पांढऱ्या सुती फडक्याच्या सात-आठ घड्या घालून ठेवा, वर प्लॅस्टिक आणि त्यावर जड पाटा रात्रभर. वर येणारा चहा फडक्यात उतरेल. गरम पाणी वापरू नका, त्याने चहातलं दूध धाग्यात बसतं.

प्रश्न : सिलिंडरच्या गंजाचं गोल कडं फरशीवर उमटलंय. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : चकचकीत सिरॅमिक टाइल असेल तर लिंबूरस आणि मीठ अर्धा तास ठेवून धुवा. संगमरवर, कोटा किंवा शहाबादी असेल तर लिंबू नको आणि संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको. तिथे गंज काढायचं काम दगड-पॉलिशवाल्याकडेच द्या. आणि कोणत्याही फरशीवर ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.