रेडिएटरमध्ये कोंडलेली हवा
इंग्लंडमधल्या घरात हा तुमचा पहिलाच हिवाळा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. रेडिएटर, म्हणजे आतून फिरणाऱ्या गरम पाण्याने खोली तापवणारा भिंतीवरचा पत्रा, खालून गरम पण वरून गार लागत असेल आणि आत खळखळ ऐकू येत असेल, तर वरच्या भागात हवा कोंडली आहे असे समजावे. याउलट वर गरम आणि तळाशी मधोमध गार असेल, तर तो बसलेला गाळ असतो. हवा काढून त्याला काहीच फरक पडत नाही.

आधी हीटिंग बंद करून पाणी निवू द्यावे, कारण पंप चालू असताना स्क्रू उघडल्यास कधीकधी हवा उलट आत ओढली जाते, शिवाय हात भाजण्याची भीती असतेच. सुरुवात खालच्या मजल्यापासून करावी. वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी स्क्रूला रेडिएटरची छोटी किल्ली लावून, खाली जुने फडके धरून, ती घड्याळाच्या उलट दिशेने जेमतेम पाव ते अर्धा फेरा फिरवावी. प्रथम फुस्स आवाज येतो, मग काळपट थेंब उडतात आणि सलग धार लागली की लगेच स्क्रू आवळावा. तो पूर्ण बाहेर मात्र कृपया काढू नका. त्या काळ्या पाण्याचे गालिच्यावरचे डाग सहजी निघत नाहीत.

यानंतर बॉयलरवरचा (हे पाणी तापवणाऱ्या यंत्रावरचा) पाण्याचा दाब पाहायला नवखी माणसे हमखास विसरतात. सीलबंद प्रणालीत (म्हणजे उघडी टाकी नसलेल्या) पाणी गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. कमी असल्यास भरणीची झडप सावकाश उघडून पाणी भरावे. दर पंधरवड्याला हवा साचत असेल, तर गळती किंवा आतला गंज हे कारण असू शकते. तेव्हा पुन्हा पुन्हा पाणी भरत राहू नये, कारण ताज्या पाण्यातल्या प्राणवायूने गंज वाढतो. जाणकार हीटिंग इंजिनिअरलाच बोलवावे.